विद्यार्थ्यानं लिहिलेलं कोण वाचतं?

पदवीच्या तीन वर्षांत आपल्याकडचा विद्यार्थी बरंच लिहितो. सहा सत्रांच्या उत्तरपत्रिका, अंतर्गत चाचण्या, सबमिशनच्या वह्या, पर्यावरणाचा प्रकल्प, आता नव्या धोरणातले क्षेत्र प्रकल्प. सगळं धरलं तर काही शे पानं सहज भरतात. यातली किती पानं कुणीतरी शेवटपर्यंत वाचली, त्यांवर दोन ओळी लिहिल्या आणि त्याच्या हातात परत दिली, असा प्रश्न कोणत्याही महाविद्यालयाच्या फाटकाशी उभं राहून मुलांना विचारून पाहावा. बहुतेकांना उत्तर द्यायला आठवावं लागेल, आणि बरेच जण ‘एकही नाही’ म्हणतील.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अर्थशास्त्र शिकवते. वर्गातल्या बहुतेकांच्या घरातलं कॉलेजची पायरी चढणारं हे पहिलंच माणूस. शिक्षणाबद्दल माझे पुष्कळ आग्रह आहेत, पण ते सगळे एका आग्रहावर उभे आहेत: विद्यार्थ्यानं स्वतःच्या शब्दांत काहीतरी मांडावं, शिक्षकानं ते मन लावून वाचावं आणि वाचून त्याला काहीतरी विचारावं. मुलं वाढतात ती या देवाणघेवाणीत. व्याख्यान, ग्रंथालय, स्मार्ट बोर्ड, सेमिनार हॉल ही सगळी तिथपर्यंत नेणारी साधनं. ही देवाणघेवाण होत नसेल तर पदवी मिळते, गुणपत्रक मिळतं, पण मूल आलं तसंच बाहेर पडतं. म्हणून एखादं महाविद्यालय चांगलं की कसं, हे ठरवायची वेळ आली तर मी सगळ्यांत आधी तिथं मुलांचं लिहिलेलं कोण वाचतं, हे विचारीन.

विद्यापीठाच्या परीक्षेकडून ही अपेक्षा ठेवता येत नाही. परीक्षा झाली की उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सील होऊन मूल्यांकन केंद्रावर जातात, ज्याला आम्ही सगळे ‘कॅप’ म्हणतो. बैठक क्रमांक झाकलेला असतो. तपासणाऱ्यापुढं दिवसभराचा गठ्ठा असतो. समासात गुण पडतात, पहिल्या पानावरच्या चौकोनात बेरीज होते आणि ती उत्तरपत्रिका कपाटात जाते ती जातेच. विद्यार्थ्याला दिसतो तो आकडा. आपण काय लिहिलं होतं, कुठं पटलं, कुठं घसरलं, हे पाहायचं तर पैसे भरून छायाप्रत मागवावी लागते, आणि ती तो मागवतो नापास झाल्यावर, दोन-चार गुणांच्या आशेनं. गोपनीयता हवी हे मला मान्य आहे. हजारो मुलांची परीक्षा एकाच वेळी घ्यायची तर दुसरा मार्ग सहजी सापडत नाही. तेव्हा ही परीक्षा मुलांना गुण देईल. त्यांना शिकवायचं काम वर्गातच व्हायला हवं.

मुलांनीही या परीक्षेला पुरतं ओळखलेलं आहे. अर्थशास्त्राचं कोणतंही उत्तर ती एकाच साच्यात लिहितात: प्रस्तावना, व्याख्या, गृहीतके, स्पष्टीकरण, कोष्टक, आकृती, अपवाद, टीका. ‘प्रा. मार्शल यांच्या मते’ असं लिहून खाली रेघ. घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत असेल तर कुणीतरी एक उपभोक्ता सफरचंदं खात बसतो. पहिल्या सफरचंदानं खूप समाधान, दुसऱ्यानं त्याहून कमी, मग शून्य, मग वजा. कोष्टकातले आकडेसुद्धा सगळ्यांचे सारखे, कारण गाईड एकच. असं उत्तर लिहिणाऱ्या मुलाला सिद्धांत समजला की नाही, हे मला ते वाचून सांगता येत नाही. त्या उत्तरात मूल कुठंच नसतं.

एका वर्षी एफ.वाय.च्या वर्गाला मी तासाची शेवटची वीस मिनिटं दिली आणि सांगितलं, सफरचंद नको. तुमच्या घरात जी वस्तू मोजूनमापून वापरली जाते, तिच्यावर हा सिद्धांत लावून दाखवा. एक पान, पुस्तक बंद, मोबाइल दप्तरात. निम्म्याहून अधिक जणांनी सफरचंदाच्या जागी केळं किंवा चहा घातला आणि बाकी मजकूर होता तसा ठेवला. एकीनं मात्र टँकरचं पाणी घेतलं. त्या उन्हाळ्यात तिच्या वस्तीवर टँकर येत होता. तिनं लिहिलं होतं ते साधारण असं: पहिली घागर प्यायला, दुसरी स्वयंपाकाला, तिसरी भांड्यांना, चौथी म्हशीला, आंघोळ आणि धुणं त्याच्या नंतर. पुस्तक म्हणतं पुढच्या पुढच्या घागरीची उपयोगिता कमी होत जाते. पण म्हैस पाणी पिली नाही तर सांजच्याला दूध कमी निघतं आणि आमचा किराणा दुधावर आहे. मग चौथी घागर तिसरीपेक्षा कमी कशी?

मी समासात दोन प्रश्न लिहून पान परत दिलं. घागरींचा हा क्रम कोण ठरवतं? आणि टँकर अर्धाच आला तर कोणती घागर आधी जाईल?

दोन दिवसांनी तिनं दुसरं पान आणलं. क्रम आई ठरवते. पाणी कमी पडलं तर आधी धुणं राहतं, मग आंघोळ, मग भांडी राखेनं घासून पुसून घेतात. प्यायचं, चुलीवरचं आणि म्हशीचं शेवटपर्यंत सुटत नाही. आणि पानाच्या तळाशी, मी न विचारता, तिनंच लिहिलं होतं: म्हणजे मी घागरी भरायच्या क्रमानं मोजल्या, गरजेच्या क्रमानं मोजल्या नाहीत. म्हशीची घागर चौथी नाही, भांड्यांची चौथी आहे.

पुढच्या तासाला मी वर्गाला ऑस्ट्रियाचे अर्थशास्त्रज्ञ बोम-बावर्क यांचं उदाहरण सांगितलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी रानात एकट्यानं राहणारा एक शेतकरी कल्पिला होता. त्याच्याजवळ धान्याची पाच पोती. पहिलं जगण्यापुरतं, दुसरं अंगात ताकद राहावी म्हणून, तिसरं कोंबड्यांना, चौथं दारू गाळायला, पाचवं करमणुकीसाठी पाळलेल्या पोपटांना. यातलं एक पोतं हरवलं तर तो काय सोडेल? पोपट सोडेल. कोणतंही पोतं हरवलं तरी तो पोपटच सोडेल, आणि म्हणून त्याच्या लेखी एका पोत्याचं मोल त्या सर्वांत कमी निकडीच्या गरजेइतकंच. टँकरच्या रांगेतून निघालेली ती मुलगी स्वतःच्या पायांनी तिथवर पोचली होती. हे उदाहरण मी आधीच सांगितलं असतं तर सगळ्या वर्गानं पाच पोती वहीत उतरवून घेतली असती, पाठ केली असती, आणि सफरचंदांच्या शेजारी नेऊन ठेवली असती.

तिच्या बाबतीत काय घडलं ते नीट पाहायला हवं. पुस्तकातल्या विधानाला तिनं हरकत घेतली. ती हरकत तपासायला आपल्याच घरातला पुरावा आणला. पुरावा पाहताना आपली मांडणी कुठं चुकली ते तिचं तिला दिसलं, आणि तिनं ते लिहून ठेवलं. विद्यार्थ्याची वाढ म्हणतात ती माझ्या मते हीच. पुढं ती बँकेत जाईल, बचत गटाचा हिशेब ठेवील, ग्रामसभेत रोजगार हमीच्या कामावर बोलेल, की शेती पाहील, हे मला सांगता येत नाही. यांतलं काहीही केलं तरी हरकत घेणं, पुरावा पाहणं आणि स्वतःला दुरुस्त करणं तिला लागणार आहे. मार्शलची व्याख्या लागेलच असं नाही.

केळं आणि चहा घातलेल्या पानांवरही मी प्रश्न लिहिले होते. तुमच्या घरी चौथा कप कोण पितं, पाहुणा आला तर कुणाचा कप कमी होतो, असे. काहींकडून त्यावर बरं काही आलं, काहींकडून काहीच आलं नाही. एका पानात सगळा वर्ग जागा होतो असा माझा दावा नाही. पण कोण कुठं उभं आहे हे मला त्या ऐंशी पानांतून जितकं कळलं, तितकं त्यांच्या बारावीच्या गुणपत्रकांवरून कधीच कळलं नसतं.

आता धोरणाकडे येते. १९४८-४९च्या राधाकृष्णन आयोगानं म्हटलं होतं, की विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर आम्ही परीक्षेची सुचवू. १९६४-६६च्या कोठारी आयोगानंही (त्याचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते) शिक्षकानं वर्षभर करायच्या अंतर्गत मूल्यमापनावर भर दिला. ती गोष्ट आज बऱ्यापैकी प्रत्यक्षात आली आहे. विद्यापीठागणिक प्रमाण बदलतं, पण शंभरातले तीस-चाळीस गुण महाविद्यालयातल्या शिक्षकाच्या हातात आहेत. प्रश्न कोणता विचारायचा, उत्तर कोणत्या रूपात मागायचं, कितीदा लिहून घ्यायचं, हे ठरवायला आम्हाला बरीच मोकळीक आहे. महाविद्यालयीन शिक्षकाला मिळालेलं हे फार मोठं स्वातंत्र्य आहे, आणि आपण ते वाया घालवतो आहोत.

‘मुलांचं नुकसान नको’ या एका वाक्यावर तीसपैकी सव्वीस ते अठ्ठावीस गुण सरसकट पडतात. सबमिशनच्या वह्यांची चळत टेबलावर येते, शेवटच्या पानावर सही होते, चळत परत जाते. वहीतला मजकूर आदल्या वर्षीच्या वहीतून उतरवलेला असतो. क्षेत्र प्रकल्पाचा अहवाल झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो. नाव बदलायचं, स्पायरल बायंडिंग करायचं, जमा करायचा. आम्हाला ते कळतं. आम्हाला कळलं आहे हे मुलांनाही कळतं. या मूक समजुतीतून मूल एक धडा घेतं, आणि तो आयुष्यभर टिकतो: कागद भरायचा असतो, वाचायचा नसतो. पुढं ते ग्रामसेवक झालं, तलाठी झालं, शिक्षक झालं, की तो धडा आपल्या सगळ्यांना भोगावा लागतो.

गुण सढळ हातानं देण्यामागं वाईट हेतू नसतो, हे मी जवळून पाहिलं आहे. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांचं मूल दोन गुणांसाठी नापास होऊ नये, असं कोणत्याही शिक्षकाला वाटतं, मलाही वाटतं. माझा अठ्ठावीस गुणांना विरोध नाही. अठ्ठावीस द्या, पण वाचून द्या. न वाचता दिलेला गुण मुलाला एवढंच सांगतो, की तू काय लिहिलंस याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या घरातल्या मुलाला हे ऐकायची सवय आधीपासूनच असते. ती सवय आपण मोडायची की पक्की करायची?

वाचायला वेळ कुठं आहे, असं सहकारी विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशेब मांडते. वर्ग ८० जणांचा. प्रत्येकी एक पान. ते नीट वाचून समासात एक-दोन प्रश्न लिहायला ४ मिनिटं. झाली ३२० मिनिटं, म्हणजे ५ तास २० मिनिटं. असे दोन वर्ग असतील तर १० तास ४० मिनिटं. दर आठवड्याला हे जमणार नाही. तीन आठवड्यांतून एकदा केलं तर आठवड्याला साडेतीन तासांच्या आसपास पडतात, आणि १५ आठवड्यांच्या सत्रात प्रत्येक मुलाची पाच पानं वाचून होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांप्रमाणे पूर्णवेळ शिक्षकानं आठवड्याला ४० तास द्यायचे आहेत; सहायक प्राध्यापकाचे त्यांतले १६ तास प्रत्यक्ष अध्यापनाचे. उरलेल्या २४ तासांतून साडेतीन तास निघायला हवेत.

ते निघत नाहीत, कारण त्या २४ तासांवर दुसऱ्याच कामांचा हक्क बसला आहे. प्रवेशाची कामं, महाडीबीटीवरचे शिष्यवृत्तीचे अर्ज, समित्या, समित्यांचे अहवाल, आणि महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची तयारी. महाविद्यालयांचं मूल्यांकन व्हावं, बाहेरच्या माणसानं येऊन आपलं काम पाहावं, याच्या मी बाजूची आहे. पण मूल्यांकन पुरावा मागतं तो कशाचा? कार्यक्रम झाला याचा. बॅनर, उपस्थितीच्या सह्या, जिओटॅग केलेले फोटो, अहवाल, त्याची पीडीएफ. वृक्षारोपणाचा फोटो अक्षांश-रेखांशासकट जपून ठेवला जातो आणि टँकरच्या घागरींचं पान रद्दीत जातं. मूल काय शिकलं याचा याहून चांगला पुरावा कोणता असतो, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

वरचा हिशेब कायम शिक्षकाचा आहे, आणि तो सगळ्यांना लागू करणं अन्यायाचं होईल. अनुदानित महाविद्यालयांत मंजूर पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत. त्या जागी तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर शिक्षक शिकवतात. नेट-सेट झालेली, पीएच.डी. केलेली ही माणसं. सकाळी एका गावात तास, दुपारी मोटारसायकलवरून दुसऱ्या गावात. पैसे मिळतात ते वर्गात घेतलेल्या तासाचे, तेही महिनोन्महिने उशिरा. त्यांच्याकडून ऐंशी पानं घरी नेऊन वाचायची अपेक्षा मी कोणत्या तोंडानं करू? तासाला दर आहे, वाचनाला दर नाही. शिकवणं म्हणजे वर्गात उभं राहून बोलणं, एवढीच व्याख्या या व्यवस्थेनं करून टाकली आहे आणि पगाराच्या बिलात ती छापून दिली आहे. रिकाम्या पदांचा प्रश्न आपल्याकडे बेरोजगारीचा प्रश्न म्हणून मांडला जातो. तो तेवढाच नाही. ज्या विभागात एकही कायम शिक्षक नाही, तिथलं मूल तीन वर्षं कुणाच्याही ओळखीचं न होता पदवीधर होतं.

नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाची अंमलबजावणी राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून सुरू झाली. त्यात क्षेत्र प्रकल्प, समाजसंपर्काचं काम, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण यांना श्रेयांक (क्रेडिट) आहेत, ही मला मनापासून पटलेली गोष्ट आहे. पण त्याच आराखड्यात दोन-दोन श्रेयांकांचे इतके छोटे विषय झाले आहेत, की मुलांचं सत्र तुकड्यातुकड्यांत जातं. दोन श्रेयांकांचा विषय म्हणजे ३० तास. त्यात चाचणी, सबमिशन, तोंडी, पुन्हा परीक्षा. शिक्षकाला मुलांची नावं पाठ होईपर्यंत विषय संपतो. मुलानं लिहावं, शिक्षकानं परत द्यावं, मुलानं पुन्हा लिहावं, याला सलग काळ लागतो. विषय कमी आणि लांब असावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्पर्धा परीक्षा करणारी मुलं म्हणतात, मॅडम, यात आमचा वेळ जातो. त्यांना मी त्यांच्याच परीक्षेकडे बोट दाखवते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानं राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं २०२२मध्ये जाहीर केलं. २०२३च्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि नवी पद्धत २०२५पासून लागू करायचं ठरलं. तयारीला वेळ मिळावा ही त्यांची मागणी होती, आणि अनेक वर्षं वस्तुनिष्ठ प्रश्नांचा अभ्यास केलेल्यांच्या दृष्टीनं ती योग्यच होती. मला त्यात टोचतं ते वेगळं. ही सगळी पदवीधर मुलं. तीन वर्षं ती आमच्यापुढं बसली होती. आपलं म्हणणं चार परिच्छेदांत मांडायला पदवीनंतर वेगळी दोन वर्षं आणि पेठेतली वेगळी शिकवणी लागत असेल, तर त्या तीन वर्षांत आम्ही त्यांना काय दिलं, असं कुणीतरी महाविद्यालयांना विचारायला हवं होतं. त्या आंदोलनाच्या वेळी तसं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

चॅटजीपीटीमुळं आता लिहून घेण्यात अर्थ उरला नाही, असंही ऐकू येतं. मला उलट वाटतं. ज्या उत्तरात मूल नसतं, ते उत्तर पूर्वी गाईडमधून यायचं, आता मोबाइलमधून येतं. ते आमच्यापर्यंत पोचायचा मार्ग तेवढा बदलला. वर्गात बसून, हातानं, आपल्या घरच्या पुराव्यावर लिहिलेलं एक पान कोणतंही यंत्र त्याच्यासाठी लिहू शकत नाही, कारण आई भांडी राखेनं कधी घासते हे यंत्राला ठाऊक नाही. आणि लिहून झाल्यावर शिक्षकानं दोन प्रश्न तोंडी विचारले की कोणतं वाक्य कुणाचं ते लगेच कळतं. अडचण एवढीच, की त्यासाठी शिक्षकानं ते पान आधी वाचलेलं असावं लागतं.

जी मुलं रोज कॉलेजला येत नाहीत त्यांचं काय? पंच्याहत्तर टक्के हजेरीचा नियम कागदावर आहे. प्रत्यक्षात माझ्या वर्गातली बरीच मुलं मेडिकलच्या दुकानात, पंपावर, नाहीतर सोयाबीनच्या काढणीवर असतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं आणि तिथं ‘कमवा व शिका’ योजना राबवली. काम करणारं मूल त्यांना शिक्षणातला अडथळा वाटलं नाही. मलाही वाटत नाही. मुलाला रोज येता येत नसेल, तर त्याच्या पानाला येता येतं. आठवड्यातून एकदा आलेला पंपावरचा मुलगा त्याचं पान घेऊन गेला, दुसरं देऊन गेला, तर माझ्या लेखी तो वर्गात आहे.

एका गोष्टीबद्दल मात्र मी फार आग्रही आहे. मूल पहिल्यांदा स्वतःचं लिहितं ते त्याच्या बोलीत लिहितं. ‘सांजच्याला’ लिहितं, ‘हितं’ लिहितं, वेलांट्या चुकतात, वाक्यं एकमेकांत घुसतात. त्या पानावर लाल शाईचा पाऊस पाडला की पुढच्या वेळी ते मूल गाईडमध्ये परत जातं, तिथं सगळं शुद्ध असतं. शुद्धलेखन शिकवावं, जरूर शिकवावं, पण दुसऱ्या-तिसऱ्या पानापासून. पहिल्या पानावर फक्त विचाराशी बोलावं.

मराठवाड्याला तरी हे वेगळं सांगायला नको. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली औरंगाबादला जे महाविद्यालय सुरू केलं, त्याचंच नाव पुढं मिलिंद. बाबासाहेब आंबेडकरांनी ते काढलं तेव्हा या भागात उच्च शिक्षणाची सोय नसल्यात जमा होती. तिथं खेड्यापाड्यांतून, वसतिगृहात राहून शिकायला आलेल्या मुलांच्या लिहिण्याकडं लक्ष देणारे म. ना. वानखडे, गंगाधर पानतावणे यांच्यासारखे शिक्षक होते. पानतावणे यांनी पुढं अनेक दशकं ‘अस्मितादर्श’ त्रैमासिक चालवलं आणि त्यात असंख्य नव्या, अनोळखी लिहित्या हातांना जागा दिली. त्यातून दलित साहित्याला किती बळ मिळालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी त्याकडे शिक्षिका म्हणून पाहते, तेव्हा मला दिसतं ते एवढंच, की त्या मुलांनी जे लिहिलं ते वाचायला कुणीतरी बसलं होतं. त्यांच्या भाषेला, त्यांच्या घरातल्या अनुभवाला, ज्ञान म्हणून वागवणारं माणूस त्यांना कॉलेजात भेटलं.

जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं दिलेल्या निवेदनात सरकारला ऐकवलं होतं, की तिजोरी भरते ती बहुतांशी रयतेच्या श्रमानं आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांसाठी होतो. आज त्या रयतेची मुलं कॉलेजच्या बाकांवर बसली आहेत, हा फार मोठा पल्ला आहे. पण बाकावर बसवून घेणं आणि शिकवणं यांत अजून अंतर आहे. ज्या घरानं म्हैस विकून मुलीला तालुक्याला पाठवलं, त्या घराला सव्वीस गुणांचा कागद देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही.

करायचं काय, तर वाचनाचे तास कार्यभारात धरले जावेत. वेळापत्रकात जसा व्याख्यानाचा तास असतो तसा मुलांची पानं वाचण्याचा आणि त्यांच्याशी त्यावर बोलण्याचा तास असावा, आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकालाही त्याचे पैसे मिळावेत. पदं भरायचीच आहेत. त्याला पर्याय नाही आणि तो शोधूही नये. मूल्यांकनासाठी येणाऱ्या समितीनं फोटोंच्या फायली बाजूला ठेवून प्रत्येक विभागाकडून दहा मुलांची पहिली आणि दुसरी पानं मागावीत, समासातल्या शिक्षकाच्या प्रश्नांसकट. दुसऱ्या पानात पहिल्यापेक्षा काय बदललं ते तासाभरात दिसेल. अंतर्गत गुणांतले निम्मे तरी परत दिलेल्या आणि पुन्हा लिहिलेल्या लेखनाला असावेत. पदांचा आणि कार्यभाराचा निर्णय सरकारनं घ्यायचा आहे, पुराव्याचा नॅकनं. अंतर्गत गुण कशाला द्यायचे हे ठरवायला मात्र बहुतेक ठिकाणी अजूनही विभागाची एक बैठक पुरते, आणि ती येतं सत्र सुरू व्हायच्या आधी घेता येते.